आमच्या ह्यांची बाजू

टेलरचं गणिताशी हाडवैर. टेपवरचे इंच सोडले तर बाकी सगळे आकडे त्याच्या डोक्यावरून जायचे. आणि नशीब बघा, बायको मिळाली ती गणिताची बाई. पुढच्या खोलीत ह्याचं मशीन, मागच्या खोलीत तिची शिकवणी, मध्ये एक पडदा.

वर्गसमीकरणं आली की पडद्याआडून हाक यायची, "अहो, चौकोन द्या." फळ्यावर क्ष वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा. टेलर हातातलं काम टाकून कापड कापायचा: एक चौरस, त्याच्याइतकीच लांब आणि सहा इंच रुंद अशी पट्टी, वर तीन-तीन इंचांचे दोन लहान चौरस. मोठ्या चौरसाची बाजू विचारली तर बाई म्हणायची, "क्ष." माप न सांगता कापायला लावणारं एवढं एकच गिऱ्हाईक त्याच्याकडे होतं.

बाई पट्टी उभी अर्धी करायची, एक तुकडा चौरसाच्या उजवीकडे लावायची, एक खाली. कोपरा रिकामा राहायचा. तिथे लहान चौरस ठेवला की सगळं मिळून मोठा चौरस व्हायचा. पोरं खूश. बाई लगेच दटावायची, "हुरळू नका. इकडे नऊ घातले, मग पलीकडच्या बाजूला नऊ कोण घालणार, तुमचा मामा?" आणि दुसरा लहान चौरस पडद्याबाहेर हात काढून टेलरच्या हातात द्यायची. "पलीकडची बाजू म्हणजे आमचे हे," ती पोरांना सांगायची. उत्तरं दोन निघायची, दोन आणि उणे आठ. "उणे आठ इंच कापड मी कुठून आणू?" टेलर बाहेरून विचारायचा, आणि पोरं हसून लोळायची.

मग बाई विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग पोरांचे चेहरे. शिकवणी बंद पडली. डॉक्टर म्हणाले, ह्यावर औषध नाही, सवयीचं काहीतरी करून घेत राहा. टेलर रोज दुपारी चौकोन कापून तिच्यापुढे ठेवू लागला. ती कोपरा भरायची, दुसरा तुकडा त्याला द्यायची आणि म्हणायची, "ही तुमची बाजू." त्याचं नाव तिच्या तोंडून कधीच गेलं होतं. पण तुकडा हातात पडतोय तोवर आपली बायको आपल्याला ओळखते, हे त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

त्या दुपारीही तिने पट्टी नीट अर्धी केली. कोपरा भरला, कडा बोटाने सारख्या केल्या. टेलरने हात पुढे केला.

बाईने दुसरा तुकडा मुठीत आवळला. "नाही हो. हा आमच्या ह्यांचा आहे."

टेलरने हात मागे घेतला. मीच की तो, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने विचारलं, "कुठे आहेत ते?"

"बाहेर, मशीनवर. कामात असले की जेवायचंही भान नसतं त्यांना." ती चक्क लाजली. मग कान देऊन ऐकू लागली आणि तिचा चेहरा उतरला. "आज आवाज कसा नाही?"

"बघून येतो," टेलर म्हणाला.

तो पडद्याबाहेर आला, मशीनवर बसला. शिवायला काही नव्हतं. त्याने तसेच पाय चालवले.

"हां, आहेत," आतून बाई म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला होता. "बसा तुम्ही. मशीन थांबलं की येतीलच ते."

टेलर रिकामं मशीन चालवत राहिला. थांबवायचा त्याला धीर होईना.