थोरलीला पाच थेंब, मला दोन

गळ्याच्या गाठीवर औषध किती घ्यायचं, यावरून मी डॉक्टरांशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नाही! एक किस्सा सांगायला बसावं तर त्याला धरून दुसरा येतो. म्हणून सगळेच सांगते.

आटपाट खाडी होती. विलायतेच्या राणीचं राज्य होतं. खाडीकाठी कळव्यात मिठागरावर राबणारं एक घर होतं. घरात सासूबाई, थोरली जाऊ गंगा आणि धाकटी मी, सखू. गंगेला तीन मुलगे. मला आठ वर्षांत काही नाही. गाठ मात्र दोघींच्याही गळ्याला! सासूबाईंनी माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवलेली. "शिमग्यापर्यंत थांबते," म्हणाल्या.

*

सासूबाईंबरोबर आम्ही दोघी होडीतून ठाण्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मला म्हणाले, "गाठ बसली, अंग सुधारलं, तर मूलही होईल." तपकिरी औषधाच्या दोन बाटल्या दिल्या. गंगेला रोज पाच थेंब, मला दोन.

माझं डोकंच फिरलं. मासळीचा मधला तुकडा तिला, नवं लुगडं आधी तिला, आता औषधही?

"मला कमी का?"

"बाई, तुमची गाठ लहान आहे."

"पण गरज मोठी आहे!"

"हे औषध आहे. लाडू वाटत नाही मी!"

*

पुढच्या खेपेला गाठ मोठी दिसावी म्हणून मी मान ताणून, श्वास कोंडून बसले. डॉक्टर शांतपणे बघत राहिले. माझे डोळे बाहेर यायची वेळ आली.

"सोडा आता," ते म्हणाले. "गाठ आहे तेवढीच आहे. दोनच थेंब."

शेजारी गंगा तोंडाला पदर लावून हसत होती. असा जळफळाट झाला माझा!

*

मग मी गंगेच्या बाटलीतले थेंब चोरून पाण्यातून प्यायला लागले. एकदा सासूबाई अचानक आत आल्या. घाबरून मी थेंब समोरच्या निवलेल्या पेजेत टाकले. तांदळाची पांढरी पेज डोळ्यांदेखत काळीनिळी!

"अगो, करणी केली गो कुणीतरी!" सासूबाई ओरडल्या.

गंगेनं वाटीचा वास घेतला. "करणी नाय, आये. माझी बाटली हाय."

*

चोरीचं औषध बाधलं. हात थरथरायला लागले, छातीत धडधड. डॉक्टरांपुढे कबूल केलं, पण वर सुनावलंच, "शिमगा तीन महिन्यांवर आलाय! तुम्हीच पाच दिले असते तर चोरले असते का?"

डॉक्टरांनी पंधरा दिवस माझं औषध बंद केलं. नंतर रोज एकच थेंब.

परतताना होडीत सासूबाई म्हणाल्या, "आणखी एकदा भांड, म्हंजे नुसती बाटली हुंगायला देतील!"

*

गाठ हळूहळू बसली. शिमग्याच्या दिवशी पुरणाच्या वासानं मला ओकारी आली आणि सासूबाईंनी त्या मुलीकडच्यांना नकाराचा निरोप धाडला. पुढे मुलगी झाली. तीन दांडग्या पोरांच्या घरात पहिली लेक! सासूबाई तिला खाली ठेवीनात. गंगा तर पाळण्याशी येऊन नुसती बघत बसायची.

सव्वा महिन्यानं बाळ दाखवायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गंगेपुढे नेहमीची बाटली ठेवली. तिनं ती परत सरकवली.

"पाच थेंब देऊन फसवलंत मला," ती म्हणाली. "धाकटीला एकावर लेक झाली. मला पण एकच द्या!"