ताणावरची बाग

१९५६ सालच्या एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौसर मध्य प्रदेशात राहिलं. नागपूरची छोटी रेल्वेगाडी रोजच्याच वेळेला सुटली.

इंदूबाई कामडी सौसरला आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत, मी मराठी. नागपूरला दर हिवाळ्यात प्रांतातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरे. काही वर्षं त्यात बाईंचं एखादं चित्र लागत आलं होतं. शाळेत त्याचं कुणाला फारसं काही नव्हतं, घरी त्या एकट्याच. एकदा त्या मला म्हणाल्या, "इथं मले कोनी विचारत नाही, सुमन. थंडीतले तेवढे दिवस माह्या चित्रासमोर कोनीतरी उभं राहते. वर्षभर पुरते मले तेवढं."

त्या वर्षीचं चित्र सौसरजवळच्या रामाकोन्यातल्या एका संत्र्याच्या बागेचं होतं. बहार धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड आता जातंय की काय असं वाटतं. बाईंनी झाडं काढलीच नव्हती. मातकट पिवळ्यावर विटलेल्या हिरव्याचे आडवे पट्टे, बस. मुख्याध्यापिका चष्मा पुसून म्हणाल्या, "झाडं कुठं आहेत, बाई?" बाई म्हणाल्या, "पाण्याची वाट पाहून राहिली."

चित्र चादरीत गुंडाळून आम्ही दोघी छोट्या गाडीनं निघालो. समोरच्या बाकावरची एक म्हातारी सारखी त्या गाठोड्याकडे बघत होती.

"आरसा होय का वं, माय?"

"आरसाच समज."

"मंग जपून ने. आमच्या सुनेनं फोडला, अन् वरून म्हणते, तुमचंच तोंड पाहून फुटला."

बाई हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच मोकळं हसणं.

प्रदर्शनाच्या कचेरीतल्या कारकुनानं पत्ता वाचला आणि मान हलवली. "बाई, सौसर आता आपल्या राज्यात नाही. नियम बदललाय." माणूस वाईट नव्हता. त्यानंच आवाज खाली करून विचारलं, "नागपुरात कुणी नातेवाईक?"

बाईंची धाकटी बहीण नागपूरच्या महाल भागात राहत होती. मी घाईनं तसं सांगून टाकलं. कारकुनानं टाक पुढे केला. "मग त्यांचा पत्ता घाला. कोण बघायला येतंय?"

बाईंनी टाक घेतला नाही.

"अहो, एका ओळीचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"बाग रामाकोन्याची, मी सौसरची. महालाचं यात काय हाय?" त्या म्हणाल्या. मग थांबून, हळू, "आधी बाईमाणसानं काढलं का, म्हणून पुसत होते. आता कुठची, म्हणून पुसतात. थकली वं मी सांगू सांगू."

मला वाटलं, आता परत. पण त्यांनी प्रदर्शनाची दोन तिकिटं काढली. दारावरच्या पहारेकऱ्यानं गाठोडं अडवलं. "लोकं आतलं चित्र बाहेर नेतीन याची भीती राहते आम्हाले. तुम्ही तं बाहेरचं आत नेऊन राहिल्या!" शेवटी चित्र त्याच्या स्टुलाला टेकवून ठेवलं. बाई म्हणाल्या, "पाह्य, दारापर्यंत तं पोचलं."

आत त्यांनी नेहमीसारखंच सगळं पाहिलं. आधी एक फेरी न थांबता, मग एकेका चित्रासमोर. मी एका चित्राजवळ वाकले तेव्हा मागून बाईंचा आवाज आला, "एवढ्या जवळ नको जाऊ. चित्र काही पळून नाही चाललं." एका पोरसवद्या चित्रकाराचं काम त्यांना फार आवडलं. त्याला शोधून त्यांनी तसं सांगितलं. त्यानं विचारलं, तुम्हीही चित्रं काढता का? बाई म्हणाल्या, "शाळेत शिकवतो."

पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकांनी भोपाळला पाठवा म्हटलं. बाई हो म्हणाल्या आणि पाठवलं नाही. भोपाळ लांब होतं. तिथं कुणाला विचारायचं हेही ठाऊक नव्हतं. हळूहळू घरातले रंग वाळले. वर्गात त्या मुलींना आंबा, लोटा, कमळ शिकवत राहिल्या, मन लावून. हिवाळ्यात मात्र नागपूरचं प्रदर्शन चुकवत नसत. मी सोबत असे. येताना गाडीत त्या डोळे मिटून बसत आणि संत्र्याच्या बागा लागल्या की उघडत.

गेल्या चैत्रात बाई गेल्या. तेराव्याला बहीण आली होती. ताणावरच्या बागेच्या त्या चित्राकडे बघत ती म्हणाली, "सुमनताई, मी हे नागपूरले नेतो. माह्या पत्त्यावर प्रदर्शनात लावतीन ते. आता ताईची काही हरकत नाही नं?"

तिच्या बोलण्यात नुसती माया होती. भिंतीवर एकदा तरी ते लागावं असं मलाही वाटत होतं. तरी मी नको म्हटलं.

चित्र सौसरात आहे. ते पाहायला कुणी येत नाही.