बाहेर कोण बसणार

माझ्या डाव्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ होती आणि ती दुर्बिणीतून काढायची होती. पोटावर छोटी छोटी भोकं, एक-दोन रात्री हॉस्पिटल, मग घरी आराम. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की मीही सहज घ्यायचं ठरवलं. पण बेळगावहून आई आली, महादेवपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तिनं पिशव्या टेकवल्या, आणि त्या घटकेपासून ती गाठ माझी एकटीची राहिली नाही. ती घराची झाली. आणि घराची म्हणजे कुणालाही कळता कामा नये अशी.

कारण माझं लग्न झालेलं नाही. तेहतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुलीच्या ओटीपोटात काही निघालं की आमच्याकडे आधी दार लावून घेतात, मग डॉक्टर शोधतात. आईनं मामाला, मावशीला, शेजारणीला सांगितलं होतं की ती लेकीकडं हवापालटाला चालली आहे. बेळगावची हवा सोडून या महानगरातल्या रिंग रोडच्या धुरात हवापालटाला कोण जातं, असं तिला कुणीच विचारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिल्यांदा ती माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. गाठ सोलून निघाली तर अंडाशय राहील. चिकटलेली असली, किंवा आत काही संशय घेण्यासारखं दिसलं, तर अंडाशयासकट काढावी लागेल. ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. उजवं चांगलं आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

"मग आयत्या वेळी ठरवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही झोपलेल्या असाल," त्या म्हणाल्या. "आम्ही बाहेर येऊन घरच्यांना सांगतो, त्यांना विचारतो आणि मग पुढं जातो. बाहेर कोण बसणार?"

"मी बसतो," आई म्हणाली. आमच्या बेळगावकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. मग टेबलावरून वाकून तिनं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि थेट कानडीत शिरली. "मदुवे इन्नू आगिल्ला, डॉक्टर. हेगादरू माडि उळिसि." लग्न व्हायचंय अजून हिचं, काहीही करून वाचवा.

त्या 'काहीही करून'नं मला घाम फुटला. मला मूल हवं की नको हे माझं अजून ठरलेलं नाही आणि ठरवायची घाईही नाही. अंडाशय राहिलं तर मला हवंच होतं. पण आईच्या समाधानासाठी संशयाचं काही पोटात ठेवून शिवून घ्यायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलावर जाऊन पडायचं, हे मला नको होतं. मी तसं स्पष्ट बोललेही. डॉक्टर म्हणाल्या, "कळलं तुमचं. पण घरच्यांशी बोलून ठेवा." म्हणजे मी बेशुद्ध असताना माझ्या पोटाचा सगळा कारभार आईकडे.

त्याच दिवशी रक्त, ईसीजी, छातीचा एक्सरे आणि भूलतज्ज्ञांची तपासणी असं सगळं उरकून आम्ही निघालो, तर लॅबच्या दारात यशवंतपूरच्या काकू. आईच्या माहेरच्या ओळखीतल्या, पण जन्म इथंच काढलेला. त्या स्वतःची साखर तपासायला आल्या होत्या. एरवी मला त्या आवडतात. पंचाईत ही होती की हल्लीच त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. पत्रिका जुळली होती. मुलाशी मी फोनवर बोलले होते, आणि बरा वाटला होता.

"काय हो अक्का, इकडं कशा?"

आईनं माझ्या हातातली फाइल ओढली आणि स्वतःच्या छातीशी धरली. "माझंच की हो," ती म्हणाली. "ओटीपोटात गाठ निघालीय. दुर्बिणीनं काढणारेत."

मी आ वासून बघत राहिले. माझं दुखणं खरोखरच काढून घेता आलं असतं तर आईनं ते त्याच वेगानं घेतलं असतं, त्यामुळे मला त्याला धड खोटंही म्हणता येईना.

परतीच्या टॅक्सीत मी भांडले. हेब्बाळच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, भांडायला भरपूर वेळ होता. "त्या मुलाला मी सांगणारच होते," मी म्हटलं.

"सांग की. आधी होऊ दे सगळं."

"काय होऊ दे, ऑपरेशन का लग्न?"

आई खिडकीबाहेर बघत बसली. हे तिचं नेहमीचं आहे. हरायची वेळ आली की ती बाहेर बघते, आणि मग घरी जाऊन स्वतःला हवं तेच करते.

मग जे दिवस गेले ते आठवले तरी आजही जीव गुदमरतो. काकूंनी चार ठिकाणी बातमी दिली आणि आईला फोन येऊ लागले. आईला उगाच काही रचता येत नाही, म्हणून ती माझीच दुखणी सांगायची. डाव्या बाजूला ओढ लागते, वाकलं की कळ येते. पलीकडच्या खोलीत मी वाकून कपडे उचलत ते ऐकायचे आणि मला कळ यायची. खाली बागेत जायचं नाही, कुणी विचारेल. ऑफिसातली मैत्रीण भेटायला येते म्हणाली, तिलाही नको म्हणायचं. तेराव्या मजल्यावर मी, आई आणि ती गाठ. रात्री कुशीवर वळताना मी भीत होते, आणि भीती वाटते असं आईला सांगायची सोय नव्हती, कारण ती माझ्याहून जास्त भ्यालेली होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकू भेटायला आल्या. फोन केला तो खालच्या गेटवरूनच. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दिवाणावर आडवी झाली आणि पायांवर चादर ओढून घेतली.

"बघतेस काय," ती कुजबुजली. "चहा टाक."

मला दुपारपासून नुसतं पातळ घ्यायला सांगितलं होतं, वर पोट साफ करायचं औषध पोटात गेलेलं. त्या अवस्थेत मी उप्पीट केलं. मोहरी-कढीलिंबाच्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, भुकेनं की रागानं कोण जाणे. बश्या ठेवायच्या, हसायचं, आणि आत पळायचं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. काकूंनी शहाळ्याचं पाणी आणलं होतं. खरं तर तेवढं मला चाललं असतं. ते आई प्याली.

"पोरीनं धसका घेतलाय बघा अक्का," काकू म्हणाल्या. "सारखी आत जाऊन रडून येतीय."

"मन फार हळवं आहे हो तिचं," आई म्हणाली. मुलाच्या मावशीपुढं माझे गुण सांगायची संधी तिनं आडवं पडूनही सोडली नाही.

मग काकूंनी आवाज खाली आणला. "आणि सगळंच काढणार काय?"

"आत गेल्यावर कळणार. बाहेर येऊन विचारणार म्हणे."

"कुणाला?"

"हिलाच," आई म्हणाली. "हीच बसणार की बाहेर."

काकू माझ्याकडे वळल्या. "मग तू काय सांगणार गं?"

माझ्या हातात रिकाम्या बश्या होत्या. किती दिवस मनात घोळवलेलं एक झणझणीत उत्तर तयार होतं, आईच्या वर्मी लागेल असं. पण समोर ती पडली होती, चादरीबाहेर आलेले पाय, भेगाळलेल्या टाचा, आणि ती खरंच आजारी दिसत होती. उद्या खरोखर हिलाच आत नेणार असते तर?

"डॉक्टर म्हणतील तसं करा म्हणेन," मी म्हटलं. "काढावं लागलं तर काढा. मला आई घरी न्यायचीय. बाकी काय राहिलं आणि काय गेलं, मला काय करायचंय त्याचं?"

"शहाणी आहेस," काकू म्हणाल्या. आई छताकडे बघत होती.

काकू गेल्या तरी ती उठली नाही. मी बश्या विसळून आले, तरी तशीच पडून होती.

"तुला सोपं आहे," ती म्हणाली. "आईचं काढा म्हणायला काय लागतं? मला पोरीचं सांगायचंय. उद्या त्या बाहेर आल्या तर माझ्या तोंडून 'काढा' येणार नाही गं. मी ओळखतो मला. परत हात धरणार मी त्यांचे."

काकूंशी ती धडधडीत खोटं बोलली होती, पण हे खरं होतं. मला चिडायलाही जागा उरली नाही.

"मग मी बसतच नाही बाहेर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खाली कॅन्टीनमध्ये बसतो. फोन बंद ठेवतो. मीच तिथं नसलो तर विचारणार कुणाला? तुझं तू त्यांना सांगून ठेव."

तिला हे म्हणणं किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारात थिएटरबाहेरच्या बाकावरून ती पाणी प्यायलाही उठली नव्हती. आपलं माणूस आत असताना दार सोडून जाणं, हे आमच्या घरात कुणी केलेलं नाही.

सकाळी डॉक्टर वॉर्डात आल्या तेव्हा मी सांगितलं, "बाहेर कुणी नसेल. वाचलं तर वाचवा, नाहीतर काढा. काय ते आत्ताच ठरलंय." त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे बघत मान हलवली.

लिफ्टपाशी ट्रॉली थांबली. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला. ट्रॉली ढकलणारा माणूस म्हणाला, "अम्मा, वर या की, बसायला बाकं आहेत." ती जिन्याकडे वळली आणि खाली उतरू लागली. इतके दिवस मी जे मागत होते ते मला मिळालं होतं, आणि आता मला ते नको होतं. तिला हाक मारावी, बाहेर बस, सांग तुला हवं ते, असं फार वाटलं. तोवर लिफ्टचं दार लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा, दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे, पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. डॉक्टर वाकून म्हणाल्या, "गाठ फार चिकटली होती. डावं काढावं लागलं. बाकी सगळं स्वच्छ आहे." मी बरं म्हटलं आणि पुन्हा झोपले.

जाग आली तर आई उशाशी होती. नंतर कळलं, वर येताना तिला डॉक्टर भेटल्या होत्या, पण ती पदर सावरून बाजूनं निघून आली होती. तिनं कुणालाच काही विचारलं नव्हतं, मलाही नाही. नुसती उभी होती.

"आई, काढलं," मी म्हटलं.

"सरी," ती म्हणाली. असू दे.

मग ती पायथ्याशी बसली आणि चादरीवरून माझे पाय चेपू लागली. मान वर करत नव्हती. तिला रडायचं होतं आणि माझ्यासमोर रडायचं नव्हतं, आणि तिला एकटीला सोडून मला तिथून उठून जाता येत नव्हतं.