कुठं लिवलंय, बोट ठेवा

समोर कुठलाही कागद आला की शाहीर आधी त्यावर पंजा पसरून ठेवायचे, मग तो कागद फिरवून समोरच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "कुठं लिवलंय, बोट ठेवा." त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. पण बोट कुठे टेकतं आणि कुठे घुटमळतं, हे त्यांना आमच्या कचेरीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळायचं.

मी महाडला मामलेदार कचेरीत कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. ते पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीवर राहायचे. चार म्हशी, उतारावरची नाचणी आणि गौरी-गणपतीत जाखडी. तुमच्यापैकी ज्यांनी जाखडी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मधे ढोलकी आणि गाणारे बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेल्यांचा फेर. एका वाडीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे रचून जबाब द्यायचा. शिवथरच्या खोऱ्यापर्यंत सगळे त्यांना शाहीर म्हणत. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते एकदा कागदावर चढलं, तेवढं पुरे झालं.

त्या वर्षी नवे साहेब आले आणि पाठोपाठ एक हुकूम निघाला. जाहीर ठिकाणी गायचं तर गाणी आधी लिहून द्यायची, आणि त्यात 'सार्वजनिक शांततेस बाध आणणारे वा अन्य प्रकारे आक्षेपार्ह' असं काही नसावं. शाहिरांना तो मीच वाचून दाखवला. त्यांनी पंजा ठेवला, कागद फिरवला.

"आक्षेपार्ह म्हंजे काय, त्ये कुठं लिवलंय? बोट ठेवा."

"ते साहेब ठरवतात," मी म्हटलं.

"म्हंजे काय गायचं नाय, त्ये साहेबाला मागनं कळनार. आन मला मातुर आदीच कळाया पायजे." मग हसले. "आन जबाब आदी कसा लिवून देऊ, भाऊसाहेब? भांडान कुनी आदी लिवून करतो का?"

तरी ते गाणी उतरवून द्यायला आले. ओळीने तीन दिवस घाट उतरून, माझ्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन. 'बोलून सांगा' म्हटलं तर त्यांना शब्द सापडायचे नाहीत. गायला लागले की आपोआप यायचे. साहेब दौऱ्यावर होते म्हणून निभावलं. सगळी कचेरी हातातलं काम टाकून ऐकत बसायची. त्या टेबलाशी मी एवढे सुखाचे तीन दिवस पुन्हा काढले नाहीत.

त्या गाण्यांत या दोन ओळी होत्या:

साकव आला कागदावरी, व्हाळ आला भरून,
गौरीसाठी लेक माझी येईल गो कुठून?

वाडीखालून वाहणाऱ्या व्हाळावर साकव, म्हणजे माणसांपुरता छोटा पूल, दर वर्षी मंजूर व्हायचा आणि दर वर्षी बांधायचा राहायचा. शाहिरांची एकुलती लेक पलीकडच्या गावात दिलेली. सणाला पाणी उतरलेलं असलं तर ती यायची, नाहीतर पलीकडूनच हात हलवून माघारी जायची. चार-पाच वर्षं शाहीर या ओळी गात आले होते. त्यात कुणाला शिवी नव्हती, कुणाचं नावही नव्हतं.

कागद साहेबांकडून परत आला. वर तांबड्या पेन्सिलीने शेरा, 'आक्षेपार्ह मजकूर वगळावा.' कुठला, ते नाही. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ज्याचं त्याला बरोबर कळतं." शाहिरांनी एक गाणं काढलं. कागद परत. दुसरं काढलं. परत. शेवटी गणपतीचा गण आणि साकवाचं गाणं एवढंच उरलं. शाहीर म्हणाले, "ह्ये काढायचं असंल तर साहेबानं बोट ठेवावं." साहेबांनी बोट ठेवलं नाही. शेरा तसाच राखून परवानगी दिली.

मला भीती वाटली. मी म्हटलं, "शाहीर, माझं ऐका, त्या दोन ओळी तेवढ्या म्हणू नका." ते म्हणाले, "तुमी सांगता म्हनून."

गौरीपूजनाच्या दुपारी पोलादपूरच्या बाजारात जाखडी झाली. मी मुद्दाम गेलो. गण झाला, गाणं रंगात आलं, आणि त्या दोन ओळींच्या जागी शाहीर गप्प बसले. वगळा म्हटलं, वगळलं. पण जाखडीत फेर मधेच मोडत नाहीत, तेव्हा ढोलकी चालू, चाळ चालू आणि दोन ओळींएवढा वेळ शाहीर नुसते समोर बघताहेत. ओळी तर साऱ्या बाजाराला पाठ. एका बाईने डोळ्याला पदर लावला. मग कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळा बाजार हसायला लागला.

फौजदारांचा रिपोर्ट आला, 'सूचक मौन पाळून लोकांस चिथावणी दिली.' हसू नका, तो मी माझ्या हाताने नोंदवून घेतला आहे. वर्षभर जाहीर गाणार नाही असा मुचलका घ्यायचं ठरलं. तोही मीच लिहिला. शाहिरांनी त्यावर पंजा ठेवला.

"गप बसल्याचा गुन्हा कुठं लिवलाय? बोट ठेवा, भाऊसाहेब."

मी अंगठ्याची शाई पुढे सरकवली. त्यांनाच माझी दया आली. "असू द्या. तुमास्नी बी पोट हाय," म्हणाले आणि अंगठा उठवला. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वर्ष सरलं, मुचलका संपला. पण तोवर फेरातली निम्मी माणसं मुंबईला गेली होती आणि उरलेली गाण्याचं नाव काढलं की इकडेतिकडे बघायची. शाहीर बाजारात भेटले की मी म्हणायचो, "आता म्हणा की." ते म्हणायचे, "म्हशींम्होरं म्हनतो. त्यांचा काय आक्षेप नाय." दोन पावसाळ्यांनी ते वारले. मला आठ दिवसांनी कळलं.

पुढे माझ्या बदलीचा हुकूम आला तेव्हा मी ती जुनी फाईल काढली. शाहिरांची गाणी दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. होती ती फक्त आमच्याकडे, तांबड्या शेऱ्यासकट. मी ती एका वहीत उतरवली आणि दिवाळी झाल्यावर वाडीवर गेलो. साकव नव्हता. वहाणा हातात घेऊन व्हाळ ओलांडला.

लेक माहेरी आलेली होती. ओसरीवर बसून मी सारी वही वाचून दाखवली आणि कागद परत कसे आले, तेही लपवलं नाही. तिने वहीवर पंजा पसरून ठेवला, वही फिरवून माझ्याकडे सरकवली.

"ह्यातलं वंगाळ कंचं, भाऊसाहेब? बोट ठेवा."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ पुटपुटत खाली नेऊ लागलो. ते कुठेच थांबेना. साकवापाशी आलो तेव्हा तिने माझ्या तोंडातली ओळ उचलली आणि मोकळ्या आवाजात गायला लागली. मी वहीवरचं बोट काढून घेतलं.