फिरत्या घराची मोरी आणि माहीमचा जवळा

माझी नात मुक्ता पुढच्या महिन्यात न्यूझीलंडला जाऊन झोपायची-जेवायची सोय असलेली गाडी भाड्याने घेणार आहे. कंपनीने तिला सूचनांचं जाडजूड चोपडं पाठवलंय. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही अशा गाडीतून फिरलायत ना? माझ्या ब्लॉगवर लिहा की!" तर लिहितो. मी फिरलो, पण मुंबईतच. परदेशात होते ते आमचे साहेब.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी परळच्या चाळीत राहणारा, गिरणीत फिटरच्या हाताखाली नुकताच लागलेला. नवे माग बसवायला जर्मनीहून ओटो साहेब आले होते. त्यांची बायको एल्साबाई भेटीला आल्या, तेव्हा साहेबांनी गिरगावातल्या एका गॅरेजातून तीन दिवसांसाठी गाडी घेतली. लष्कराची जुनी अँब्युलन्स. आत झोपायला दोन बाकं, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात चक्क मोरी! मला कामापुरतं इंग्रजी यायचं म्हणून दुभाष्या केलं. माझं वागणं पसंत पडलं, तर साहेब मला नव्या मागांच्या खात्यात घेणार होते. त्यामुळे मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

पहिला धडा गिरगावातच मिळाला. कपाटाची कडी लावायची राहिली आणि पहिल्याच वळणाला सहा बशा जमिनीवर! लालबागला सभेसाठी रस्त्यावर आडव्या पताका बांधल्या होत्या. आपली गाडी उंच आहे हे साहेब साफ विसरले आणि अख्खी माळ टपावर घेऊन आम्ही पुढे. मागून एकजण ओरडला, "ओ सायेब, आमचा महाराष्ट्र घेऊन कुठं चाललात?" एल्साबाईंनी स्वतः स्टुलावर चढून माळ परत बांधली, तेव्हा टाळ्या पडल्या. भिंतीवरच्या घोषणेचा अर्थ साहेबांनी विचारला, तो मी दादर येईपर्यंत सांगत होतो. दादरला थालीपीठ आणि पियूष. एल्साबाईंनी पियूष दोनदा मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहीमच्या कोळीवाड्यापाशी उंचवट्यावर गाडी लावली. दोघं खाडीकडे फिरायला गेले, मी भांडी घासायला घेतली. मोरी तुंबली. चाळीत मोरीत पाणी ओतलं की ते जातं. कुठे जातं, हे बघायचं माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. इथे ते गाडीखालच्या डब्यात साठत होतं आणि डबा काठोकाठ भरला होता. मी शहाण्याने खाली वाकून डब्याची तोटी सोडली. आदल्या दिवसापासूनचं साबणाचं पाणी उतारावरून जे सुटलं, ते थेट खाली वाळत घातलेल्या जवळ्यात, त्या इवल्याशा कोळंबीच्या पसाऱ्यात.

"कोनी सोडलं रं पानी?" जनाबाई कोळीण पदर खोचून वर आली. "पोरीचा साखरपुडा त्या जवल्यावर हाय माझा!"

तेवढ्यात साहेब आणि एल्साबाई परतले. "काय म्हणतायत या?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"ही गाडी तुम्ही आणलीत का, असं विचारतायत," मी म्हणालो.

साहेबांनी हसून छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. जनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी मलाच इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"मावशी, साहेबांनी नाही. मी सोडलं पाणी."

"ठावं हाय. खालनं बघत व्हते मी. तू सांगतोस का त्या बिचाऱ्यावर ढकलतोस, तेच बघायचं व्हतं."

मग साहेबांनाही सगळं खरं सांगितलं, नवं खातं हातचं गेलं असं धरूनच. त्यांनी बाह्या दुमडल्या. जनाबाईच्या हुकमाने आम्ही तिघांनी जवळा टोपल्यांत भरून समुद्राच्या पाण्यात दोनदा खळबळून काढला. खालची जागा ओली, म्हणून साहेबांनी गाडीच्या टपावर ताडपत्री अंथरली. दिवसभर मी काठी घेऊन वर कावळे हाकत बसलो. दुपारी जनाबाईने तांदळाची भाकरी आणि कालवण पाठवलं. अपराध करून इतकं चांगलं जेवण मला पुन्हा कधी मिळालं नाही! उन्हं कलली तेव्हा तिने चिमूटभर जवळा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "साबन लागत नाय." माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी गाडी परत दिली. गॅरेजवाल्याने दार उघडलं आणि नाक धरलं. "साहेब, राहिलात हिच्यात की मासळी विकलीत?" मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं, शब्दही न बदलता. ते खो-खो हसले.

सोमवारी त्यांनी मला मागांच्या खात्यात बोलावून घेतलं. पहिलं काम दिलं तेलाची गळती शोधायचं. म्हणाले, "तोटीला हात लावण्याआधी खाली बघ."

माहीमहून निघताना जनाबाईने मूठभर जवळा पुडीत बांधून दिला होता. आईने तो कांद्यावर परतला. कुठून आणलास म्हणाली, तर मी नुसतं "भेट मिळाला" म्हणालो. बाकीचं आज पहिल्यांदा सांगतोय.

मुक्ता, तुझं चोपडं मी वाचलं. कडी, उंची, सांडपाणी, सगळं आहे त्यात. जनाबाई तेवढी नाही. काहीतरी तुझ्याकडूनही चुकेलच, बाळा. तेव्हा समोरच्याने विचारायच्या आत "मी केलं" म्हण.