किदावाचा कांगा

"आई, पाणी आज पेजेसारखं झालंय. तुम्ही काठावरच बसा."

"बसून काय करू गो? मेखा बोडक्या दिसल्या की त्या शेजारच्या बिशूमचा दोर पडलाच समज."

"पडू दे. परत दम अडकला तर तुम्हाला उचलील कोण? मी? ह्या पोटासकट?"

सून मिझे सातव्यात होती. किदावाने काठी उचलली. झांझिबारच्या या पूर्व किनाऱ्यावर बाया मेखा ठोकून दोर ताणतात नि त्याला शेवाळ बांधतात. मोठ्या ओहोटीला मेखा रिकाम्या ठेवल्या की ती जागा ज्या बाईला हवी तिची. आणि किदावाकडे जागा तेवढी एकच.

पण पाय उचलत नव्हता. पाण्यात बारीक जिवांचा रवा दाटला होता, आणि तो खायला जेलीफिशचे थवे आले होते. मागच्या ओहोटीला त्यातल्या एकीचा डंखाचा दोरा मांडीला चाटून गेला, तेव्हा किदावाची छाती आवळली होती. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "दुसऱ्या वेळी जास्त होईल, म्हातारे." तेव्हापासून तिला झोपेतही पाणी दिसायचं.

तिने खांद्यावरचा कांगा डोईला गुंडाळला, टोकं गळ्याभोवती आवळली. त्या दिवशी बायांनी याच फडक्याने तिची मांडी पुसली होती. विहिरीचं पाणी खारट, म्हणून तो न धुताच कुंपणावर वाळला होता. ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

दोराचं वेटोळं खांद्याला अडकवून, काठीने पाणी चाळवत ती कमरेपर्यंत गेली; मिझे मागोमाग. मेख चाचपायला वाकली, तेवढ्यात लाट गळ्यावर आली आणि गळा पेटला.

"मिझे... धरलं गो मला."

"कुठं? इथं तर काय नाय."

"गळा."

मिझेने कांगा ओढून काढला, उन्हात धरला. सुताला केसाएवढे पांढरे धागे चिकटलेले होते.

"आई, हे वाळलेले हायत. भिजले नि जागे झाले." तिने कमरेची सिरक्याची बाटली गळ्यावर ओतली. "चोळू नका. हात खाली."

किदावा उभी राहिली. आता छाती आवळणार. आता. तिने कलमा पुटपुटायला घेतला आणि मध्येच विसरली. मिझे तिच्या तोंडाकडे बघत होती, तिचंही तोंड पांढरं पडलेलं.

दम आला. तोकडा, पण आला. दुसराही आला.

"चला काठावर," मिझे म्हणाली.

किदावाने पलीकडे पाहिलं. बिशूम दोराचं वेटोळं काखेत मारून उभी होती, नजर हिच्या मेखांवर.

"ते फडकं काठीवर घे, हाताने धरू नकोस. आणि तू जा बाहेर, तुझ्या पोटाला काय झालं तर तुझा नवरा मला जाळील."

"आणि तुम्ही?"

गळ्यावर लाल वळ उठत होते. किदावाने तोंड वर करून आणखी एक दम घेतला, अंदाज घेतल्यासारखा. मग खाली वाकून मेखेला दोराची पहिली गाठ मारली.