कानामागची जागा

माझे मामा पत्र्याची छपरं बसवतात. दिवसभर डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला पत्रा. रोज सकाळी मामी त्यांच्या मानेला सनस्क्रीन चोपडायची. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताला क्रीम, अशी तिची घाई. त्यात डाव्या कानामागची जागा हमखास राहून जायची आणि तेवढीच कातडी भाजून सोलवटायची.

"एवढी जागा उन्हाला आंदण दिलीस का?" मामा कुरकुरायचे.

"तेवढ्यानं काही मरत नाही तुम्ही," मामी म्हणायची.

हिवाळ्यात मामीच गेली. तिची ट्यूब मामांनी फळीवरून हलवू दिली नाही आणि स्वतःही उघडली नाही. भर उन्हाळ्यात उघड्या मानेनं ते छपरावर चढत राहिले. मी कानीकपाळी ओरडले, पण ऐकतील तर शपथ!

काल मी त्यांचे केस कापायला बसले आणि माझी कात्री थबकली. मान जराही भाजली नव्हती. फक्त डाव्या कानामागे कातडी सोलवटली होती.

"मामा, क्रीम कोण लावतं?"

मामांनी मान वळवली नाही.

"हळू बोल," ते म्हणाले. "अजून घाईतच असते ती."